पाना कुणाच्या हातात?

दुचाकी चालवणारी बाई आता खेडोपाडी दिसते, ही आपल्या सगळ्यांच्याच आनंदाची गोष्ट आहे. शिक्षिका, आशा, बचत गटांचे काम पाहणाऱ्या, डेअरीवर दूध घालणाऱ्या आणि आपल्या संघटनांच्या कार्यकर्त्या अशा कितीतरी जणी रोज पंधरा-वीस किलोमीटर गाडीवरून जातात. पण ही गाडी रस्त्यात अडली की काय होते? बाई कडेला उभी राहते आणि पुरुषाची वाट पाहते. तो नवरा असेल, भाऊ असेल, मेकॅनिक असेल, नाहीतर रस्त्याने जाणारा कोणी अनोळखी असेल. चालवणे आपल्या हातात आले, दुरुस्ती मात्र होती तिथेच राहिली. या अर्ध्या स्वातंत्र्याबद्दल आपण आपसात फारसे बोलत नाही.

उदाहरण मुद्दाम अगदी साधे घेते : जुन्या मोटरसायकलचा ढिला झालेला गिअरचा लिव्हर. जुनीच मोटरसायकल घेण्यालाही कारण आहे. घरात नवी गाडी आली की ती पुरुषाची, आणि दहा-पंधरा वर्षे वापरलेली बाईच्या वाट्याला. संस्थांमध्येही फार वेगळे घडत नाही. कार्यालयातली सगळ्यात जुनी, कुणाला नको असलेली गाडी फिरतीच्या कार्यकर्तीकडे येते. म्हणजे जी गाडी जास्त कुरकुरते तीच आपल्याकडे, आणि तिची दुरुस्ती मात्र आपल्याला येत नाही!

गिअर आणि बाई यांचे नाते तपासण्यासारखे आहे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. दोन्हींना पायाने टाकायचा गिअर नव्हता. या गाड्यांनी हजारो मुलींना कॉलेजात आणि बायकांना नोकरीवर पोहोचवले, ते ऋण मोठे आहे. पण त्याच काळात एक समजूतही घट्ट होत गेली. बिनगिअरची गाडी बायकांची आणि गिअरची गाडी पुरुषांची. वाहन परवान्यातही ‘गिअरसह’ आणि ‘गिअरविना’ असे दोन वर्ग आहेत, आणि ‘मुलींना काय करायचाय गिअर?’ असे म्हणून घरचेच परवाना काढताना दुसऱ्या वर्गावर खूण करतात. पुढे गरज पडते आणि दारात उभी असलेली मोटरसायकल कायद्याने चालवता येत नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे आपापला परवाना काढून तो कुठल्या वर्गाचा आहे हे बघा.

आता लिव्हरकडे येऊ. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. या जातीच्या मोटरसायकलींमध्ये डाव्या पायाशी पुढे-मागे दोन पाय असलेला लिव्हर असतो. इंजिनमधून एक दांडा, म्हणजे गिअर शाफ्ट, बाहेर आलेला असतो आणि त्याच्या टोकाभोवती बारीक दाते असतात. लिव्हरला एक कडी असते, तिच्या आतही तसेच दाते. कडीला एका बाजूने चीर असते आणि चिरेतून आडवा बोल्ट जातो. बोल्ट आवळला की चीर मिटत येते आणि कडी शाफ्टला घट्ट धरते. बाजूबंदाचा फासा आवळावा, इतकी साधी युक्ती. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो, कडी हलू लागते आणि हलता हलता दाते झिजतात. मग पाय दाबला तरी गिअर पडत नाही. घाट उतरताना किंवा समोरून ट्रक येत असताना असे झाले तर जिवाशी गाठ आहे.

तपासणी दोन मिनिटांची. इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर लावा. हाताने लिव्हर वर-खाली हलवा आणि कडीतून दिसणाऱ्या शाफ्टच्या टोकाकडे बघा. लिव्हर हलतो पण शाफ्ट जागचा हलत नाही, तर दोष त्या जोडात आहे आणि तो आपल्याला काढता येईल. शाफ्टही सोबत फिरतो, तरी गिअर पडत नाही, तर दोष क्लचमध्ये किंवा इंजिनच्या आत असू शकतो. तिथे मेकॅनिक हवा. एवढा फरक कळला तरी गॅरेजमध्ये आपले बोलणे बदलते.

जोड ढिला असेल तर बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. बोल्ट नीट आवळा, पण अंगातली सगळी ताकद लावू नका. बोल्ट बारीक असतो, तुटतो किंवा त्याचे आटे जातात. आवळूनही ढिलाई राहिली तर लिव्हर काढून बघायचा. आधी कडी आणि शाफ्ट यांवर खडूने जुळती खूण करा, म्हणजे परत बसवताना लिव्हर पूर्वीच्याच उंचीवर येईल. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टवरच्या खाचेतून गेलेला असतो. हे ठाऊक नसलेले लोक लिव्हरवर हातोडा मारतात आणि तो मार इंजिनच्या आत पोहोचतो. हलवत हलवत सरळ ओढला की लिव्हर निघतो. जुना टूथब्रश थोड्या डिझेलमध्ये बुडवून दोन्हीकडचे दाते साफ करा आणि निरखून बघा.

दाते शाबूत आहेत, पण चीर पार मिटली आहे, असे असेल तर करवतीच्या पात्याने चीर किंचित रुंद करायची, म्हणजे बोल्ट पुन्हा आवळायला जागा होते. दाते झिजून गुळगुळीत झाले असतील तर पत्र्याची पातळ पट्टी आत घालून घरापर्यंत येता येते, पण ती सोय तात्पुरतीच. खरा उपाय नवा लिव्हर. सहसा आधी लिव्हरचेच दाते जातात, शाफ्ट त्याहून टणक असतो. बसवल्यावर आठवड्याने बोल्ट पुन्हा एकदा तपासा. झाले. यात पुरुषाच्या दंडाची गरज कुठे पडली?

आणि आता गॅरेजमधले नेहमीचे वाक्य आठवा. ‘ताई, तुम्हाला नाही कळायचं. वेल्डिंग मारून देतो, पुन्हा कटकट नाही.’ वेल्डिंगने ढिलाई जाते हे खरे. पण लिव्हर कायमचा शाफ्टला चिकटतो. शाफ्टच्या तोंडाशी तेल अडवणारे रबरी सील असते, ते उष्णतेने खराब होऊ शकते आणि तेल गळू लागते. पुढे कधी शाफ्ट बदलायची वेळ आली तर इंजिनची बाजू उघडावी लागते. एका लिव्हरच्या किमतीत सुटणारे काम मोठ्या खर्चावर जाते आणि तो खर्च कुणामुळे झाला हे बाईला कळतही नाही.

‘काढून टाका, पुन्हा कटकट नाही’ हे वाक्य आपण दुसरीकडेही ऐकलेले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. गाडीचा लिव्हर आणि बाईचे शरीर एका तराजूत घालता येत नाही, याची मला जाणीव आहे. मात्र ज्याच्याकडे ज्ञान त्याने निर्णय घ्यायचा आणि जिचे आहे तिने मान डोलवायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. म्हणूनच आपल्या आरोग्य शिबिरांमध्ये शरीराची ओळख हा पहिला धडा असतो. डॉक्टर होण्यासाठी तो नसतो. डॉक्टरला प्रश्न विचारता यावा, यासाठी असतो. पाना हातात घेण्याचा अर्थ मी तसाच लावते.

बाई आणि यंत्र यांच्यामध्ये भिंत फक्त घरात उभी राहिली असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या बाविसाव्या कलमात, चालू असलेल्या मुख्य यंत्राची साफसफाई, तेलपाणी किंवा जुळणी बाईकडून करून घेऊ नये अशी तरतूद होती, आणि तिच्यासोबत याच वाक्यात अल्पवयीन कामगार होते. हेतू संरक्षणाचा होता. पण धोका असेल तर तो पुरुषालाही आहे. यंत्र सुरक्षित करण्याऐवजी बाईलाच यंत्रापासून लांब ठेवले, की यंत्राची माहिती आणि तिच्यासोबत येणारी वरची मजुरी ही दोन्ही पुरुषांकडे जातात. त्याच कारखान्यात बाई झाडू मारते, पॅकिंग करते, आणि फिटर मात्र पुरुष असतो.

दुसरी वाटही आपल्याच देशात काढली गेली आहे. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमातून गरीब, दलित आणि कोल समाजातल्या बायका हातपंपाची दुरुस्ती शिकल्या. त्यांच्यापैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पाना आधी हाती आला, आणि पंपांच्या नोंदी ठेवायच्या म्हणून अक्षरांची ओढ नंतर लागली. त्याच परिसरात पुढे ‘महिला डाकिया’ हे बायकांचे पत्रक निघाले आणि २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ सुरू झाले. एक कौशल्य दुसऱ्याला कसे हात देते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, आधीच बाईच्या डोक्यावर कामांचा डोंगर, त्यात हे आणखी एक कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. प्रत्येकीने मेकॅनिक व्हावे असे माझे म्हणणे नाही. पुरुषही सगळेच मेकॅनिक नसतात, पण आपल्याला ते जमेल असे त्यांना लहानपणापासून सांगितलेले असते. संस्थेत मात्र एक काळजी घ्यायला हवी. जी कार्यकर्ती गाड्यांची देखभाल करील तिच्या त्या तासांचे मानधन धरले गेले पाहिजे. नाहीतर स्वयंपाकासारखे हेही ‘तिला येतंच की’ म्हणून फुकटात जमा होईल.

दुसरा आक्षेप असा, की आता विजेच्या स्कूटर आल्या, गिअर इतिहासजमा होतील, तर हे शिकायचे कशाला? शहरातल्या नव्या गाड्यांपुरते ते पटते. पण गावातली जुनी मोटरसायकल अजून बरीच वर्षे धावणार आहे, आणि ती गरीब घरात, बाईच्याच हाती जास्त धावेल. विजेच्या गाडीचे तर बरेच काही बंद पेटीत असते. जिने साधा बोल्ट कधी सोडवला नाही ती त्या पेटीपुढे अधिकच हतबल होईल. शिकायला सुरुवात सोप्यापासूनच करावी लागते.

म्हणून गटांपुढे काही सूचना ठेवते. पुढच्या निवासी शिबिरात अर्धा दिवस दुरुस्तीला द्यावा, आणि शिकवायला शक्यतो बाईला बोलवावे. संघटनेच्या प्रत्येक गाडीत पान्यांचा छोटा संच, पक्कड आणि चिंधी असावी, ती कुठे ठेवली आहे हे चालवणारीला माहीत असावे. गाडीची नोंदवही ठेवावी. गॅरेजमध्ये जुना सुटा भाग परत मागून घ्यावा आणि काय बदलले, का बदलले हे बिलावर लिहून घ्यावे. वस्तीतल्या मुली आयटीआयला जाणार असतील तर शिवण आणि ब्यूटी पार्लरसोबत मोटर मेकॅनिक, फिटर या शाखांचेही अर्ज त्यांच्यापुढे ठेवावेत, आणि पहिल्या वर्षी वर्गात एकटी पडलेल्या मुलीच्या पाठीशी गटाने उभे राहावे. प्रवेश मिळवून देऊन आपले काम संपत नाही.

दहा नंबरच्या पान्याने पुरुषसत्ता मोडणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण रात्री आठ वाजता, वस्तीपासून सहा किलोमीटरवर, लिव्हर पायाखाली लटलटू लागला तर बैठकीहून परतणाऱ्या कार्यकर्तीला कुणाचे उपकार न घेता घरी येता आले पाहिजे. ती रात्रीच्या बैठकीला पुढच्या वेळी जाईल की नाही, हे त्यावर अवलंबून आहे.

तुमच्या गटात कुणी असा प्रयत्न केला असेल, कुणी गॅरेज चालवत असेल, तर जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.