देखावा आणि घास

अलीकडे लहानमोठ्या शहरांतून एखाद्या कल्पनेभोवती रचलेली उपाहारगृहे दिसू लागली आहेत. कुठे गुहा, कुठे तुरुंगाची कोठडी, कुठे प्लॅस्टिकच्या वेलींचे अरण्य! मध्य रेल्वेने तर २०२१ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात रेल्वेच्या जुन्या डब्यातच उपाहारगृह थाटले. अन्नाबरोबर थोडी करमणूक माणसाला हवी असते. त्यात वावगे काही नाही. प्रश्न उद्भवतो तो दीड-दोन वर्षांचे मूल घेऊन एखादे कुटुंब अशा ठिकाणी जाते तेव्हा.

ही सजावट मुलांना आवडते, असा मोठ्यांचा समज असतो. वस्तुतः एवढ्या लहान मुलाला कृत्रिम डोंगराचे कौतुक नसते, आणि अंधारातून डरकाळी फोडणारा यांत्रिक वाघ पाहून ते भेदरते. त्यात कर्कश संगीत, लुकलुकते दिवे आणि पाऊण तासाने येणारे तिखट पदार्थ. त्याची झोपेची वेळ आठची, तर तेथे रंग चढतो नवानंतर. मूल रडू लागले की शेजारच्या टेबलांवरून नाराजीच्या नजरा वळतात. मग त्याला कडेवर घेऊन दाराशी फेऱ्या कोणी घालायच्या? बहुधा आईनेच. कित्येक महिन्यांनी बाहेर जेवायला निघालेली ती स्त्री गार झालेली रोटी घाईघाईने गिळते. बिल मात्र पूर्ण जेवणाचेच येते. मुलाच्या हाती मोबाइल देण्याचा उपाय सोपा खरा, परंतु दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

याहून गंभीर बाब धुराची. पदार्थातून पांढरे धुके निघावे म्हणून काही ठिकाणी द्रवरूप नायट्रोजन वापरतात. त्याचे तापमान सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअस असते. तो पुरता उडून जाण्याआधी पोटात गेला, तर तोंड, अन्ननलिका व जठर यांना इजा होते. तामिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ साली विक्रेत्यांना याबाबत ताकीद दिली होती. दिसेल त्यात हात घालणाऱ्या बालकापुढे असे भांडे ठेवणे ही निव्वळ बेफिकिरी होय.

माटुंग्याच्या साध्या उडुपी हॉटेलात असला देखावा नसतो. पण इडली चटकन येते, आणि मुलासाठी वेगळी वाटी मागितली तर कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. अर्थात दोष कल्पनेचा नव्हे. जयपूरजवळची चोखी ढाणी हाही राजस्थानी खेड्याचा देखावाच. तरी तेथे मोकळे आवार आहे, कठपुतळ्यांचा खेळ आहे, मुलाला धावता येते. मालकांनी सजावटीच्या खर्चातून थोडे वाचवून उंच खुर्ची, हात धुण्याची नीट सोय, बिनतिखट भाताची वाटी आणि कमी आवाजाचा एक कोपरा द्यावा. ग्राहकानेही आत शिरण्यापूर्वी दारातच विचारावे, की साधा दहीभात किती वेळात मिळेल? व्यवस्थापक अडखळला, तर मागे फिरण्यात कमीपणा नाही. मुलाला भूक तोवर लागलेलीच असते.