काचेवर आतून वाफ का धरते?

जुन्या गाडीच्या काचा आतून धूसर झाल्या की आपण फडकं फिरवतो आणि निघतो. आधी हवेचं बटण बघा. आतलीच हवा फिरत असेल तर श्वासातली वाफ काचेवर धरणारच. बाहेरची हवा घ्या, एसी लावा.

तरी वाफ धरतेच? मग ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं मॅट उचलून खाली हात लावा. साधं पाणी लागलं तर दाराचं रबर गेलंय किंवा एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय, काम किरकोळ. पण ओल चिकट, गोडसर वासाची असेल आणि काचेवर तेलकट थर येत असेल, तर हीटरमधून कूलंट गळतंय. (चाखून बघू नका, ते विषारी असतं!) कूलंट संपलं की इंजिन तापतं. इंजिन थंड असताना टाकीतली पातळी बघा आणि घाटात जाण्याआधी गाडी मेकॅनिकला दाखवा.