काचेतली पोर

सातमासी जगते, आठमासी जगत नाही, असे आपल्या वस्तीत अजूनही ठामपणे सांगणारी माणसे आहेत. वास्तविक पोटात जितके दिवस जास्त, तितकी बाळाची फुफ्फुसे अधिक तयार, म्हणजे आठव्या महिन्याचे बाळ सातव्यापेक्षा तगण्याची शक्यता जास्त. साधा हिशेब आहे. पण 2022 सालच्या जुलै महिन्यात माझी सख्खी भाची आठव्या महिन्यात अडली, तेव्हा हा साधा हिशेब सांगायला माझ्याही तोंडातून शब्द फुटेना.

झाले असे. भाचीचे पाय आठवडाभर सुजलेले होते. दोन जिवांची बाई, पाय सुजणारच, असे घरातल्या बायका म्हणाल्या. मग डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. आशाताईने तिला उपकेंद्रात नेले तर रक्तदाब वरचा 170 आणि खालचा 110. वाचक भगिनींनो, पायाची सूज एकवेळ साधी असेल, पण सुजेबरोबर डोकेदुखी आणि अंधारी आली की घरी थांबायचे नाही. यातून झटके येतात आणि आई-बाळ दोघेही हातचे जातात.

सासरच्यांनी घाबरून तिला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथे आधी चाळीस हजार भरा, बाळाच्या पेटीचे रोजचे वेगळे, असे सांगण्यात आले. जावई टेम्पोवर ड्रायव्हर, रोज गाडी चालली तर रोज चूल पेटणार. त्याने मला ऑफिसात फोन केला. मी सांगितले, आहात तेथून 108 ला फोन लावा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एस.टी. पकडली.

जिल्हा रुग्णालयात गेल्यागेल्या तिला झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिले. दुसरे एक इंजेक्शन बाळाची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून, पण ते द्यायचे आईलाच. बारा-बारा तासांनी चार. तीन झाली आणि रक्तदाब काही आटोक्यात येईना, म्हणून पहाटे सिझर केले. मुलगी झाली. वजन 1420 ग्रॅम. रडली नाही. तोंडावर मास्क धरून फुग्याने हवा दिली तेव्हा कोठे क्षीण आवाज आला, आणि लगेच तिला वरच्या मजल्यावर नवजात शिशूंच्या विशेष कक्षात नेले. जावई पायऱ्यांवरून मागे पळत गेला आणि बंद दारापाशी उभा राहिला.

त्या दिवशी मी एक चूक केली, ती कबूल करतो. भाची शुद्धीवर येऊन म्हणाली, "मामा, लेकरू कुठंय?" मी म्हणालो, "छान आहे, झोपलंय." दोन दिवस आम्ही सगळे मिळून तिच्याशी खोटे बोललो. तिला वाटले, पोर गेली आणि हे लपवताहेत. ती जेवेना, बोलेना. शेवटी एका सिस्टरने मला बाजूला घेऊन झापले. "साहेब, तिला खरं सांगा. श्वासाचा त्रास आहे, औषध चालू आहे, आणि तिचं दूध लागणार आहे. ते काय तुम्ही काढणार का?" मग भाचीला व्हीलचेअरवर बसवून वर नेले. तिने हात कोपरापर्यंत धुतले, आत गेली आणि पोरीच्या तळव्याला बोट लावले.

आपली माणसे म्हणतात, काचेत ठेवले आहे. तेथे काय असते ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. बाळ उबेच्या दिव्याखाली उघडे असते, कारण त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. नाकात दोन बारीक नळ्या. त्यातून हवा थोड्या दाबाने आत राहते, म्हणजे फुफ्फुसे मिटत नाहीत. नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत, त्यात सारखे बुडबुडे. जावई दाराच्या काचेतून पोरीकडे कमी आणि त्या बुडबुड्यांकडेच जास्त बघायचा. अशी बाळे मधेच श्वास घ्यायला विसरतात. मग यंत्र वाजते, सिस्टर तळव्याला टिचकी मारते. त्यावर औषध म्हणून कॅफिन देतात, चहा-कॉफीत असते तेच. आमची पोर चौथ्या दिवशी पिवळी पडली तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडात ठेवली. कावीळ अशा बाळांना बहुधा होतेच.

मी बी.कॉम. झालेला कारकून, मला वही लागते. पहिल्या दिवसापासून वजन लिहू लागलो. 1420, तिसऱ्या दिवशी 1350, पाचव्या दिवशी 1310. रोज नावेच पडत होते, जमा काही नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात उतरतेच, घाबरू नका.

पाचव्या रात्री माझी आई, वय सत्तरीपुढे, पदराआड कोरा कागद आणि पेन घेऊन आली. सटवी नशीब लिहायला येते ना! दीक्षा घेऊन घरात तिसरी पिढी झाली, देव्हारा गेला, पण सटवी कोठेतरी फळीवर राहून गेली आहे. सोबत मधाची बाटलीही होती, बोटाने चाटवायला. मी चिडलो नाही, तिला दाराच्या काचेपाशी नेले. आत सिस्टर पोरीच्या केसपेपरवर तासातासाचे लिहीत होती. श्वास किती, ताप किती, दूध किती. म्हणालो, "आई, लिहिणारी ती बघ." आई बराच वेळ बघत राहिली. मध मात्र मी काढून घेतला. वर्षाच्या आतल्या कोणत्याच बाळाला मध द्यायचा नसतो, या पोरीला तर नाहीच नाही.

दूध ही खरी लढाई होती. पहिल्या दिवशी हाताने पिळून वाटीत चार थेंब चीक आला, भाची रडली. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, काढत राहायचे असते, तरच येते. एक मिली, दोन मिली, ते नळीने पोटात. काही आयांना येतच नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आईच्या दुधाची पेढी काढली ती अशाच बाळांसाठी. आमच्या भाचीला सहाव्या दिवसापासून पुरेसे आले.

आणि त्याच दिवशी विहीणबाई म्हणाल्या, पोर घरी न्या. जगली तर जगली. मुलगी तर आहे. हे शेवटचे त्यांनी हळू म्हटले, पण मी ऐकले. जावयाचे आठ दिवसांचे काम बुडाले होते, हेही खरे. कागदावर सही करून नेता येते, आणि पुष्कळ पोरी अशा सहीनेच जातात. मी वही काढली. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, रक्त, तपासण्या, आजारी नवजात बाळाचे उपचार, नेआण, सगळे मोफत आहे. दोनदा आम्हाला बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली होती. मी म्हणालो होतो, औषध येथे नाही असे लेखी द्या. दोन्ही वेळा औषध आतच सापडले. तेव्हा उपचाराचा खर्च शून्य. खर्च होता तो जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा. जेवणाचे डबे वस्तीतल्या महिला मंडळाने आळीपाळीने आणले. विहीणबाई गप्प बसल्या. पटले म्हणून नव्हे, चार माणसांत सही कर म्हणता येईना म्हणून. मला तेवढे पुरे होते.

नवव्या दिवशी नाकातल्या नळ्या निघाल्या. मग पोरीला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवू लागले. कांगारू पद्धत म्हणतात, 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या तेव्हा तेथल्या डॉक्टरांनी सुरू केली. आई दमली की बापाने करायचे. जावई लाजला, मग शर्टाची बटणे काढून बसला आणि हलायलाच तयार होईना. एके दुपारी माझी आई म्हणाली, "मला दे की." हात धुऊन, चोळीची गाठ सोडून ती बसली. दोन तास उठली नाही.

चौदाव्या दिवशी 1430. जमेची पहिली नोंद. पुढे वाटी-चमच्याने दूध घेऊ लागली, मग अंगावर. तिसाव्या दिवशी डोळे तपासले. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो आणि वरून काही कळत नाही, म्हणून ही तपासणी चुकवायची नाही. एकतिसाव्या दिवशी 1740 ग्रॅम घेऊन घरी आलो. दारात विहीणबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "द्या इकडं, हात धुतलेत मी."

2025 साली पोर अंगणवाडीत जाऊ लागली. पहिल्या दिवशी तेथे वजन केले, साडेअकरा किलो. वहीत तेही लिहिले आहे.