खिशातील चाकू व त्याचे मोल

दृढीकरण संस्काराचे दिवस जवळ आले की धर्मपित्यांच्या मनात भेटवस्तूचा विचार घोळू लागतो. पूर्वी जपमाळ, प्रार्थनापुस्तक आणि फार तर एक मनगटी घड्याळ, एवढ्यावर हा प्रश्न मिटत असे. यंदा मात्र आमच्या धर्मग्रामातील काही मुलांनी निराळीच मागणी पुढे केली आहे. त्यांस खिशात बाळगावयाचे एक हत्यार हवे आहे. तेही बाजारात सहज मिळणारे नव्हे, तर मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेले, करड्या धातूचे, चपट्या कांडीसारखे दिसणारे, आणि किंमत म्हणाल तर शंभर डॉलर व त्याहूनही वर. म्हणजे आपल्या आठ-नऊ हजार रुपयांची गोष्ट झाली. धर्मपित्यांपैकी एक गवंडीकाम करणारे गृहस्थ आम्हांस विचारते झाले, "फादर, लाल मुठीचा स्विस चाकू याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतो म्हणतात. तो दिला तर पोराचे काही कमी होईल काय?" प्रश्न साधा आहे, परंतु त्यात एका कष्टकऱ्याची कित्येक दिवसांची मजुरी गुंतलेली असल्यामुळे त्याचे उत्तर वरवर देऊन चालणार नाही.

प्रथम ही नवी वस्तू काय आहे ते पाहू. तिचे कर्ते असे म्हणतात की, जुन्या चाकूत नको त्या हत्यारांची गर्दी झाली आहे. माणसास रोज लागते ते एक पाते आणि एक बळकट चपटे टोक. त्या टोकानेच स्क्रू फिरवावा, बाटलीचे झाकण काढावे व खिळलेले खोके उचकटावे. बाकी सारे त्यांनी काढून टाकले आहे. मूठ पुष्कळदा टायटेनियमची असते. हा धातू पोलादाहून सुमारे चाळीस टक्क्यांनी हलका, खाऱ्या पाण्यानेही न गंजणारा, परंतु कापावयास मोठा चिवट. यंत्राची पाती तो भराभर झिजवितो, आणि माल थोडा थोडा तयार होत असल्यामुळे खर्च वाढतो. तेव्हा किमतीचा काही भाग खरोखरीच्या मेहनतीचा आहे, हे न्यायाने मान्य केले पाहिजे.

जुन्या चाकूची कुळकथा मात्र गरिबीत सुरू होते. स्वित्झर्लंडच्या श्वीझ परगण्यात इबाख नावाचे गाव आहे. मुलूख डोंगराळ आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कॅथलिक. तेथे १८८४ साली कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने चाकू-सुऱ्यांची कार्यशाळा उघडली. त्या काळी त्या डोंगरांतील तरुण पोटासाठी परदेशांची वाट धरीत असत; आपल्या गावांतून आखाताकडे अन् जहाजांवर जातात तसेच. त्यांस घरी काम मिळावे, ही एल्सेनरची तळमळ होती. पुढे स्विस सेनेने प्रत्येक शिपायास घडीचा चाकू द्यावयाचे ठरविले. त्यात चार वस्तू होत्या: पाते, आरी, बंद डबा फोडण्याचे हत्यार आणि स्क्रू-ड्रायव्हर. डब्यातील अन्न खावयाचे म्हणून तिसरे, आणि १८८९ सालची नवी बंदूक खोलून साफ करावयाची म्हणून चौथे. एकही वस्तू शोभेसाठी नव्हती. परंतु इतके चाकू करून देण्याची शक्ती देशातील कोणाही एकाजवळ नसल्यामुळे पहिली मागणी जर्मनीतील सोलिंगेन शहरास गेली.

एल्सेनरने देशातील चाकू-कारागिरांस एकत्र आणले आणि १८९१ साली पहिले देशी चाकू सेनेस पोचविले. येथवर कथा आनंदाची आहे. पण सोलिंगेनचे मोठे कारखाने तोच माल स्वस्तात देऊ लागले, तेव्हा सोबती एकामागून एक बाजूस झाले आणि हा एकटा उरला. होते नव्हते ते त्यात गेले. नातेवाइकांनी हात दिला म्हणूनच तो दिवाळखोरीतून वाचला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आज ज्या चाकूस आपण रास्त भावाचा म्हणतो, तोच त्याच्या जन्मकाळी महागडा ठरला होता. म्हणून केवळ किमतीवर बोट ठेवून नव्या हत्यारास हिणविणे आम्हांस उचित वाटत नाही. पैसा किती पडतो याबरोबरच तो कोणाच्या पोटात जातो, हेही पाहावे लागते. योगायोग असा की, त्याच १८९१ सालच्या मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयीचे आपले 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले.

१८९७ च्या जूनमध्ये एल्सेनरने अधिकाऱ्यांसाठी एक हलका, देखणा चाकू नोंदविला. त्यात एक लहान पाते व बाटलीचे बूच काढण्याचा फिरकीचा स्क्रू अधिक होता. शिपायास बंदूक उघडावयाची असते आणि साहेबास द्राक्षारस. जगाची रीत दुसरी काय! गंमत ही की, सेनेने हा चाकू अधिकाऱ्यांस सरकारी म्हणून कधीच दिला नाही. ते पदरचे पैसे मोडून घेत. तरीही तोच जगभर गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांस त्याचे जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्यास 'स्विस आर्मी नाइफ' म्हणावयास सुरुवात केली. एल्सेनरची आई व्हिक्टोरिया १९०९ साली वारली, तेव्हा त्याने तिचे नाव आपल्या मालास दिले. १९२१ साली न गंजणारे पोलाद वापरात आल्यावर त्या पोलादाच्या फ्रेंच नावाचा तुकडा त्यास जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले.

या चाकूचे खरे कौशल्य त्याच्या पाठीत आहे. हत्यारे सहा, परंतु स्प्रिंगा दोनच. पोलादाची एकच पट्टी मुठीच्या दोन्ही अंगांच्या हत्यारांस दाब देते, त्यामुळे पुष्कळ वस्तू थोड्या जागेत मावतात. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. प्रत्येक हत्याराचे पोलाद त्याच्या कामानुरूप तापवून कडक केलेले असते. कडकपणा मोजण्याचे रॉकवेल नावाचे माप आहे. त्या मापाने मोठे पाते ५६, करवत व कात्री ५३, डबा फोडणारे हत्यार व आरी ५२, आणि बुचाचा स्क्रू व स्प्रिंगा ४९. ज्याने कापावयाचे ते कडक, म्हणजे धार टिकते. ज्याने पीळ सोसावयाचा ते किंचित मऊ, म्हणजे ते मोडत नाही. आमच्या गावचा लोहार कोयत्याची धार पाण्यात बुडवितो आणि पाठ मऊ ठेवितो, त्यातले शहाणपण हेच. नव्या महागड्या चाकूंत पुष्कळदा याहून बरेच कडक पोलाद घालतात. त्याची धार दीर्घकाळ टिकते खरी, परंतु एकदा गेली की परसातील दगडावर ती परत आणणे जिकिरीचे होऊन बसते. स्विस पाते लवकर बोथट होते, आणि पाच मिनिटांत पुन्हा धारदारही होते. शेतकऱ्याच्या घरात कोणते बरे, हे आम्ही सांगावयास नको.

नव्या हत्याराच्या बाजूने दोन गोष्टी निःसंशय आहेत. जुन्या लाल चाकूच्या नेहमीच्या आकारात पाते उघडल्यावर घट्ट अडकून राहत नाही. जोर वेडावाकडा पडला तर ते बोटावर मिटते. नव्यांपैकी पुष्कळांत त्यास अडसर असतो, आणि ते एका हाताने उघडता येते. दोर धरून शिडीवर उभ्या असलेल्या माणसास हे सुख लहान नव्हे. स्विस सेनेनेही हे ओळखले. २००८ साली तिने आपल्या शिपायांसाठी जो नवा चाकू निवडला, तो मोठा, अडसराचा व एका हाताने उघडणारा आहे. म्हणजे जुने घराणेही शिकत राहिले आहे. दुसरे असे की, ज्यास पात्यावाचून काहीच लागत नाही, त्याच्या खिशात चपटी वस्तू सुखाने बसते.

आता एक हकीकत सांगतो. ती आम्हांस पापनिवेदनात नव्हे, तर अंगणात बसून सांगण्यात आली, आणि लिहिण्यास मुभाही मिळाली आहे. आमच्या एका धर्मग्रामस्थांचा मुलगा जहाजावर स्वयंपाकखात्यात आहे. गेल्या सुट्टीत त्याने वडिलांसाठी असेच एक टायटेनियमचे हत्यार आणले. वडिलांनी उभा जन्म कमरेच्या आकडीत कोयता अडकवून काढलेला. त्यांनी ते हाती घेतले, उघडले, मिटले, आणि रुमालात गुंडाळून घरच्या वेदीखालील खणात ठेवून दिले. "फादर, नारळीखाली गवतात पडले तर सापडायचे कसे? पोराची एवढी रक्कम!" दर रविवारी मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, चाकू वापरता ना?" आणि बाप म्हणतो, "वापरतो तर." मुलाचे प्रेम खणात, आणि बापाच्या तोंडी दर रविवारी एक खोटे. ज्या हत्याराची हरवण्याची भीती त्याच्या उपयोगाहून मोठी, ते हत्यार म्हणून घरात आलेच नाही असे आम्ही समजतो. आम्ही त्यांस इतकेच सांगितले की, हरविलेल्या चाकूबद्दल मुलगा एकदाच हळहळेल. न वापरलेल्या चाकूबद्दल कळले तर त्याच्या मनास ते फार दिवस लागून राहील. त्यांनी मान हलविली. खण उघडला की नाही, ते अद्याप आमच्या कानी आलेले नाही.

या नव्या हत्यारांच्या जाहिरातींत 'साधेपणा' हा शब्द फार येतो, आणि त्याबद्दल मात्र आमची तक्रार आहे. साधेपणा हवा असेल तर तो केव्हाच उपलब्ध आहे. फ्रान्समधील साव्होय प्रांतात झोझेफ ओपिनेल याने १८९० साली शेतकऱ्यांसाठी एक चाकू केला. एक पाते, एक लाकडी मूठ, संपले. १९५५ साली पाते अडकवून ठेवणारे एक फिरते कडे त्यास बसविण्यात आले. आजही तो अगदी माफक किमतीत मिळतो. त्याच्या पात्यावर मुकुट व आशीर्वाद देणारा हात कोरलेला असतो. तो हात बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचा. जवळच्या सेंट-जां-द-मोरिएन या नगरात संताच्या बोटांचे अवशेष परंपरेने जपलेले आहेत. तेथील नगरचिन्हावरून १९०९ साली हा हात चाकूवर आला. गरिबाचा साधेपणा तो हा. थोडके देऊन पुष्कळ घ्यावयाचे आणि त्यास साधेपणा म्हणावयाचे, हे संत फ्रान्सिसला कोणी समजावून सांगू गेला असता तर तो हसला असता. आमच्या आजोबांच्या चंचीतही एका कडीत दातकोरणे, कानकोरणे व चिमटा ओवलेला असे, शेजारी अडकित्ता. त्यास कोणी मोठे नाव दिले नव्हते.

आणि पैसा कोठे जातो, हा प्रश्न राहिलाच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानातून चाकू नेण्यास बंदी आली, विमानतळांवरील दुकानांतून त्यांची विक्री थांबली आणि इबाखचा धंदा एकाएकी घसरला. तरीही कारखान्याने त्यामुळे माणसे काढली नाहीत. पाळ्या आखूड केल्या, साठलेल्या रजा घ्यावयास सांगितले, काही जणांस शेजारच्या कारखान्यांकडे कामास उसने दिले. आदल्याच वर्षी, २००० साली, एल्सेनर कुटुंबाने आपल्या मालकीचा फार मोठा वाटा एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला होता, तो कारखाना व त्यातील रोजगार टिकावा म्हणून. असा इतिहास पाठीशी असलेल्या वस्तूस चार पैसे अधिक पडले तरी आम्हांस ते जड वाटत नाहीत. नव्या हत्याराचा कर्ता लहान कारागीर असून आपल्या माणसांस नेकीची मजुरी देत असेल, तर त्याचीही वस्तू ज्यास परवडते त्याने खुशाल घ्यावी. आपल्या गवंडीबंधूंस ती परवडत नाही, आणि त्यांच्या धर्मपुत्रास तिची गरजही नाही.

तेव्हा आमचे उत्तर असे. नुसते कापण्याच्या कामी हे महाग हत्यार स्विस चाकूची बरोबरी करील, कदाचित त्यास मागेही टाकील. परंतु पायात काटा मोडला, पंपाचा स्क्रू ढिला झाला, चपलेच्या पट्ट्यास भोक पाडावयाचे आहे, मिशनने पाठविलेला दुधाचा डबा उघडावयाचा आहे, अशा वेळी ते मुकाट्याने पाहत राहील. मुलास लाल मुठीचा, पाती, आरी, डबा फोडणे, स्क्रू-ड्रायव्हर व चिमटा असलेला साधा नमुना द्यावा. उरलेल्या पैशांतून धार लावण्याचा एक चांगला दगड घ्यावा, आणि धर्मपित्याने स्वतः शेजारी बसून धार कशी लावतात ते शिकवावे. दृढीकरणाच्या भोजनाहून ती दुपार मुलाच्या अधिक लक्षात राहील. पात्याने काही उचकटू नये, त्याचे टोक मोडते. कच्च्या कैरीचा किंवा काजूचा चीक लागल्यास चाकू धुऊन कोरडा करावा व सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. जहाजावर किंवा आखातात जाणाऱ्यांनी मात्र विमानतळावर तो हातातील पिशवीत किंवा खिशात ठेवू नये. तपासणीत तो काढून घेतात व परत देत नाहीत. पोटात जाणाऱ्या मोठ्या पेटीत, कपड्यांच्या घडीत, तो ठेवावा.