तालमीत जमते ते वर्गात का जमत नाही?

शासनाने 2017 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांना कलेचे वाढीव गुण देण्याचा निर्णय घेतला आणि कालपर्यंत 'नाचून कुणाचे पोट भरते' म्हणणारे पालकही नृत्यवर्गाची फी भरू लागले. निर्णय चांगला होता. पण त्याची घडण तपासली पाहिजे. शास्त्रीय नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा एकेकट्याने देत वर जाणाऱ्याला जास्त गुण आणि लोककलेच्या संचातून गावोगाव प्रयोग करणाऱ्याला त्याहून कमी! त्या परीक्षांपर्यंत पोचायला कित्येक वर्षांची फी मोजावी लागते. तराजूचे पारडे कुणाकडे झुकते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पण आम्हाला बोलायचे आहे ते गुणांपेक्षा संचाबद्दल. आठवी-नववीच्या मुलांना वर्गात गटकार्य दिले की ती नाक मुरडतात. चौघांचा प्रकल्प एकजण लिहितो, बहुधा एखादी मुलगीच; दुसरा पुठ्ठा आणतो, बाकीचे नाव घालतात आणि गुण सर्वांना सारखे. लिहिणारीला तो अन्याय वाटतो, मागे पडलेल्याला अपमान. तीच मुले संमेलनाच्या नाचासाठी शाळा सुटल्यावर दोन-दोन तास उपाशीपोटी थांबतात. का? कारण तिथे एकाचा पाय चुकला की अख्खी रांग फिसकटते. ज्याला येते तो न येणाऱ्याला शिकवतो. त्यात उपकार नसतो, गरज असते. शेजाऱ्याकडे पाहून करणे ही तालमीत शिकण्याची रीत आहे. वर्गात त्यालाच कॉपी म्हणतात.

हा केवळ आमचा तर्क नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलामुलींना गटागटाने नाचवून केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एका तालात नाचणाऱ्यांची आपल्या गटाशी जवळीक वाढली, एवढेच नव्हे तर त्यांची वेदना सोसण्याची ताकदही वाढली. त्याच वर्षी 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीने 50 हून अधिक देश-प्रदेशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची एकत्र बसून प्रश्न सोडवण्याची क्षमता तपासली. सगळीकडे मुली पुढे होत्या. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गटात काम करण्याचे मोल सुखवस्तू घरांतल्या मुलांपेक्षा वंचित घरांतल्या मुलांनी अधिक ओळखले होते. त्या चाचणीत भारत नव्हता. तरीही एका खोलीत सहाजण राहणाऱ्या वस्तीतल्या पोरांना वाटून घेणे शिकवावे लागत नाही, हे पाहायला कोणती चाचणी हवी?

मग ही ताकद जाते कुठे? एक तर संचातही उतरंड शिरते. पोशाखाचे पैसे भरणारा पुढच्या रांगेत, उजळ कातडीची मुलगी मधोमध आणि आमची पोर कडेला झाड धरून उभी! संमेलनात रांगा कोण लावते, हे पालकांनी एकदा जाऊन पाहावेच. दुसरे असे की, नववीत गेलेल्या मुलीला 'आता मोठी झालीस' म्हणून आपणच तालमीतून काढतो. मुलगा मात्र वरातीपुढे खुशाल नाचतो. हा दोष प्रस्थापितांवर ढकलता येणार नाही.

आणि सरकार? शंभराहून अधिक पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत नको, असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. नगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत हा निदेशक शोधून पाहा. खाजगी शाळेत मात्र नृत्याचा शिक्षक असतो, त्याची फीही वेगळी असते.

चळवळीला संच नवा नाही. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावकुसाबाहेर नेला, तो गाणाऱ्या-वाजवणाऱ्या संचाच्या जोरावरच. आजही जयंतीच्या महिनाभर आधी वस्तीतली पोरे-पोरी लेझीमला जमतात. कुणी कुणाला बोलावत नाही. 14 एप्रिल झाला की संच मोडतो. जूनमध्ये ज्याची ऐपत तो शिकवणीला जातो, ज्याची नाही तो कट्ट्यावर.

आमची कार्यकर्त्यांना सूचना साधी आहे. लेझीमचा संच मोडू नका. तीच बारा-पंधरा पोरे जूनपासून संध्याकाळी विहारात गणित-इंग्रजीला बसवा. ज्याला त्रैराशिक येते त्याने तालमीतल्यासारखेच शेजाऱ्याला शिकवावे आणि शेवटच्याला जमल्याशिवाय पुढचा धडा घेऊ नये. अर्धा तास नाच ठेवा, नाहीतर पोरे टिकणार नाहीत. मुलींना घरी पोचवण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. लागतो एक फळा आणि एक ट्यूबलाईट. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात त्याचे वर्षभराचे वीजबिल भागून वर पैसे उरतील.