तीन दिवसांचा मुक्काम आणि वर्तमानकाळ



'प्रवासवर्णन' हा साहित्यप्रकार अभ्यासताना तुमच्यापैकी अनेकजण मला एक शंका विचारतात: "आम्ही फारसे कुठे फिरलेलो नाही, आम्ही काय लिहिणार?" या शंकेचे उत्तर मी माझ्याच एका चुकीच्या आधारे देणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे गेलो होतो. काम संपल्यावर शहर पाहण्यासाठी तीन दिवस हाताशी होते. न्यूहाव्नच्या धक्क्यावरची रंगीत घरे पाहिली, १६४२ साली पूर्ण झालेला गोल मनोरा चढलो, बंदराच्या काठी १९१३ पासून बसलेली सव्वा मीटर उंचीची जलपरीही पाहिली. रास्मुस रास्क या थोर भाषाशास्त्रज्ञाची समाधी पाहण्यासाठी आसिस्टेन्स या जुन्या दफनभूमीतही जाऊन आलो. त्या समाधीवरील लेखांत संस्कृतही आहे, हे वाचून माहीत होते. प्रत्यक्ष पाहताना मात्र मन भरून आले.

कामोठ्याला परतल्यावर अभ्यासकेंद्रावर या प्रवासाविषयी बोलण्याची वेळ आली. मी उत्साहाने सांगू लागलो: "तिकडे लोक सायकलनेच कामाला जातात. तिकडे कोणी मोठ्याने बोलत नाही. तिकडे लोक दफनभूमीत सहलीला जातात." दिवसभर नोकरी करून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने हात वर केला आणि विचारले, "सर, तुम्ही तिथे किती दिवस होतात?" तिच्या प्रश्नात खोच नव्हती, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. तरीही "तीन" हा शब्द उच्चारताना मला संकोच वाटला.

त्या रात्री मी प्रवासातली वही पुन्हा वाचली. जवळजवळ प्रत्येक वाक्य साध्या वर्तमानकाळात होते. मराठीत हा काळ प्रामुख्याने सवय किंवा नित्य सत्य सांगण्यासाठी वापरला जातो, हे तुम्ही व्याकरणाच्या अभ्यासात पाहिले आहेच. 'सूर्य पूर्वेला उगवतो', 'आई पहाटे उठते'. या वाक्यांना आधार असतो तो पुन्हापुन्हा आलेल्या अनुभवाचा. 'लोक दफनभूमीत सहलीला जातात' हे वाक्य त्याच घडणीचे असले, तरी त्याच्या पाठीशी माझी एकच दुपार होती. ते मी असे दुरुस्त केले: 'शनिवारी दुपारी दफनभूमीतल्या गवतावर बसून काही खात असलेली चार माणसे मी पाहिली.' दुसरे वाक्य पहिल्याइतके दिमाखदार नाही, पण ते खरे आहे. शिवाय पहिल्या वाक्यातून हरवलेला 'मी' त्यात परत आला आहे. कोणी पाहिले, केव्हा पाहिले आणि किती पाहिले, हे आता वाचकाला कळते.

हाच प्रसंग उलट करून पाहा. एखादा डॅनिश पाहुणा गणेशोत्सवात तीन दिवस कामोठ्यात राहिला आणि त्याने लिहिले, 'कामोठ्यात लोक रोज संध्याकाळी ढोल वाजवतात', तर आपण हसू. सिडकोच्या सेक्टरांआधी येथे गाव होते, शेती होती; आज शेजारच्या घरांत सातारा, सांगली, कोल्हापूरची बोली ऐकू येते. हे त्याला तीन दिवसांत कोठून समजणार? पाहुण्याच्या ज्या वाक्याला आपण हसतो, तेच आपण परदेशाविषयी लिहितो, तेव्हा ते 'निरीक्षण' ठरते.

मग अल्पकाळच्या प्रवाशाने लिहूच नये का? माझे मत नेमके उलट आहे. त्यासाठी कोपनहेगनहूनच निघालेल्या एका प्रवाशाकडे पाहू. १७६१ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाकडे एक शोधमोहीम पाठवली. सहा जणांपैकी कार्स्टन नीबूर हा एकटाच जिवंत परतला. तो १७६३ मध्ये मुंबईला आला, आपल्या उरण तालुक्यातील घारापुरीच्या लेण्यांत गेला आणि तेथील शिल्पांची त्याने रेखाटने केली. परतीच्या वाटेवर, १७६५ मध्ये, इराणातील पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांत त्याने बाणाग्र लिपीतील कोरीव लेख उतरवून घेतले. त्यांतले एक अक्षरही त्याला वाचता येत नव्हते. त्याने ते जसे दिसले तसे उतरवले.

त्याच प्रतींच्या आधारे १८०२ मध्ये ग्रोटेफेन्ड या जर्मन शिक्षकाने त्या लिपीच्या उलगड्याला सुरुवात केली. पुढे १८२६ मध्ये रास्कने त्यातला षष्ठी बहुवचनाचा प्रत्यय ओळखला. संस्कृतातील 'देवानाम्' मधला 'आनाम्' त्याचाच भाऊबंद होय. हा रास्क स्वतःही १८२० मध्ये मुंबईला आला होता आणि अवेस्ता व पहलवी हस्तलिखिते कोपनहेगनला घेऊन गेला होता. नीबूरने न समजलेल्या खुणांचा घाईने अर्थ लावून त्यांत आपल्या कल्पना मिसळल्या असत्या, तर पुढच्यांच्या हाती काय लागले असते? जे समजत नाही तेही अचूक टिपून ठेवणे, हे पाहुण्याला सहज साधण्याजोगे आणि मोलाचे काम आहे.

यावर एक आक्षेप येईल: प्रवासवर्णन हे साहित्य आहे, ती मोजणीची वही नव्हे, त्यात लेखकाचे मन, त्याची मते उतरणारच. आक्षेप रास्त आहे. मत जरूर मांडावे, परंतु ते मत म्हणून मांडावे. 'मला ते शहर शांत वाटले' या वाक्यात मन आहे आणि प्रामाणिकपणाही. 'ते लोक शांत असतात' या वाक्यात मन लपते आणि निकाल तेवढा उरतो. असे निकाल वाचूनच आपण दूरच्या माणसांविषयी पक्के ग्रह करून घेतो. ते गुणगान करणारे असले तरी ग्रहच. 'तिकडे सगळे छान' या वाक्याच्या पोटात 'इकडे सगळे वाईट' हे न उच्चारलेले वाक्य दडलेले असते, हेही विसरू नका.

म्हणून, मित्रहो, नेमून दिलेले कोणतेही प्रवासवर्णन वाचताना हाती पेन्सिल घ्या आणि वर्तमानकाळी क्रियापदांखाली रेघ ओढा. प्रत्येक रेघेपाशी त्या विद्यार्थिनीचा प्रश्न लेखकाला विचारा. आणि स्वतः लिहायचे असेल, तर कोपनहेगन गाठण्याची गरज नाही. उद्या मानसरोवर स्थानकावर गाडीची वाट पाहताना दहा मिनिटांत जे दिसेल, तेवढेच भूतकाळात, 'मी' सह लिहून काढा. प्रवासवर्णनाचा पहिला धडा तेथेच पूर्ण होतो.