मेध्य योजनेपूर्वी ग्रंथीचा विचार हवा

विस्मरण, विचारांतील मांद्य, औदासीन्य, हातांना येणाऱ्या मुंग्या अशा तक्रारी घेऊन येणारे प्रौढ रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. वातव्याधी अथवा वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंश समजून ब्राह्मी, शंखपुष्पी वा मेध्य घृताची योजना करण्याकडे आपला कल असतो. तत्पूर्वी टीएसएच तपासून घेण्याचा प्रघात आपण पाडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अवटु ग्रंथीचा स्राव न्यून झाला की मस्तिष्क व नाड्या यांचे व्यापार मंदावतात. ब्रिटिश चिकित्सक रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये अशा १४ मनोरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ग्रंथीवरील उपचारांनी त्यांतील बहुतेकांत सुधारणा झाली. मनगटातील नाडीवर दाब येणे, घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेनंतर स्नायू सावकाश शिथिल होणे ही चिन्हेही याच विकाराची असू शकतात. सोबत शीत असह्य होणे, मलावष्टंभ, त्वग्रौक्ष्य, घोगरा स्वर असल्यास संशय बळावतो. जन्मतःच ही न्यूनता असलेल्या बालकास पहिल्या दोन आठवड्यांत उपचार न मिळाल्यास बौद्धिक हानी कायमची होऊ शकते.

काही व्यवसायबंधू म्हणतात, 'व्याधीचे नाव कशाला? दोष पाहून चिकित्सा करावी.' त्यासाठी चरकाच्या त्रिशोथीय अध्यायाचा आधार दिला जातो. परंतु व्याधीची प्रकृती, अधिष्ठान व हेतुविशेष जाणूनच कर्म करावे, असे तोच अध्याय पुढे सांगतो. येथे अधिष्ठान ग्रंथीत आहे. वातव्याधिचिकित्सेत सांगितलेले कफावृत वाताचे चिंतन येथे उपयुक्त ठरेल. मात्र ते तपासणीचा पर्याय नव्हे.

याहून गंभीर प्रश्न चालू गोळी बंद करण्याचा आहे. थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी थांबवल्यावर काही आठवडे रुग्ण बरा दिसतो आणि त्याचे श्रेय आपल्या कल्पास दिले जाते. नंतर मांद्य परतते. उपेक्षा झाल्यास क्वचित प्राणघातक मूर्च्छाही ओढवते. म्हणून मात्रेतील बदल रक्ततपासणीच्या आधारे व मूळ चिकित्सकाच्या संमतीनेच व्हावा.

औषधी विक्रेत्यांचे उत्तरदायित्वही थोडे नाही. लोह व कॅल्शियम थायरॉक्सिनचे शोषण घटवतात. लोह, मंडूर, शंख, प्रवाळ यांचे कल्प देताना गोळीपासून किमान ४ तासांचे अंतर ठेवण्यास सांगावे. अश्वगंधेच्या सेवनाने अवटूचे स्राव वाढल्याच्याही नोंदी आहेत. ती घेणाऱ्या थायरॉईडच्या रुग्णास वैद्याकडे पाठवावे. 'थायरॉईडवर काही द्या' म्हणणाऱ्यास परस्पर कांचनार गुग्गुळ देण्याची प्रथा तर थांबलीच पाहिजे.

आयुर्वेदाची चिकित्सा सहायक म्हणून जरूर योजावी. परंतु एका साध्या रक्ततपासणीने उलगडणारे निदान आपल्या दवाखान्यात महिनोन्महिने अज्ञात राहू नये, एवढी दक्षता प्रत्येक वैद्याने घ्यावी.